कुंपण वाकलं तिथे

१२ मार्च

बाळ,

आधी महत्त्वाचं. मी जिवंत आहे, घर उभं आहे आणि तुझी बायकोही ठीक आहे. ती हल्ली स्वतःला तुझी बायको म्हणवते की नाही ते मला माहीत नाही. माझी सून आहे एवढं नक्की, म्हणून मी सूनबाईच लिहीन.

अक्षर वाकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. टेबल डगमगतंय.

फोन लागत नव्हते हे एक. आणि लागला तरी तू 'आई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस हे दुसरं. कागदाला मीटिंग नसते. तू मोठ्या शहरात ऑफिस थाटलंस, ती इथल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला मागे राहिली, आणि मी म्हणाले की तिचंही बरोबर आहे. तेव्हापासून दोन वर्षं तू माझ्याशी नुसतं हवापाण्याचं बोलतोस. आज हवापाणी सोडून लिहिते.

सकाळी चहा गाळत होते. आधी आवाज आला, खडीचा ट्रक रिकामा करतात तसा. मला वाटलं, तू आखलेल्या नव्या दवाखान्याच्या कामावर खडी आली. मग पायाखालची फरशी कुणीतरी ओढून घेतल्यासारखी सरकली. स्वयंपाकघरातलं मोठं कपाट आडवं झालं आणि त्यातला काचेचा सेट, जो मी कुणीतरी मोठं माणूस जेवायला येईल म्हणून जपून ठेवला होता, तो भुगा होऊन गेला. आता मोठ्या माणसांना स्टीलमध्ये वाढीन.

दवाखान्याचं विचारशील. जुन्या वॉर्डच्या भिंतींना अशा भेगा पडल्यात की आतून बाहेरचं झाड दिसतं. पण बाळ, एकही पेशंट दगावला नाही. सगळ्या खाटा मैदानात काढल्या. मोठे डॉक्टर मला बघून म्हणाले, "सिस्टर, आलात? बरं झालं." जणू मी रिटायर झालेच नव्हते. मीही लागले कामाला. एका हाताने जेवढं होईल तेवढं केलं.

एका हाताने म्हणजे, जाऊ दे.

तुझं बांधकाम सुरक्षित आहे. शेजारच्या प्लॉटवर पायाचे खड्डे खणून ठेवलेत ते तसेच आहेत, सळ्या तशाच उभ्या आहेत. फक्त मागच्या बाजूचं तारेचं कुंपण एका जागी वाकलंय. सरळ ओळीत चाललेले खांब, मध्येच वीतभर बाजूला जाऊन पुन्हा सरळ. मी म्हणाले, कंत्राटदाराने खांब नीट पुरले नसतील. सूनबाई त्या कुंपणाशी बराच वेळ उभी होती. मी हाक मारली तर ऐकू आलं नाही तिला.

जेवत जा वेळेवर.

आई


२३ मार्च

बाळ,

म्हणजे वायरमनने तुला सांगितलं. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. समोर राहतो, आमचे दिवे लावतो, आणि गावभर आमच्याच घरचा उजेड पाडतो.

हो, मनगट मोडलंय. उजवं. कपाट माझ्यावरच आलं होतं. टेबल अजिबात डगमगत नाहीये, मी डाव्या हाताने लिहितेय. तू काळजी करशील म्हणून लिहिलं नव्हतं, आणि तू काळजी केली नाहीस तर जास्त वाईट वाटेल म्हणूनही लिहिलं नव्हतं. आता विषय निघालाच आहे तर पूर्ण ऐक. दरवाजा चौकटीत अडकून बसला होता. सूनबाई कॉलेजपासून पळत आली, तिने तिच्या त्या हातोड्याने खिडकीचे गज उचकटले आणि आत शिरली. तोच हातोडा, ज्याला तू 'दगडफोडीचं खूळ' म्हणायचास. कपाट एकटीने उचललं तिने. नंतर आम्ही दोघींनी मिळून ते हलवून पाहिलं तर जागचं हललं नाही.

त्या दिवसापासून ती इथेच राहते. तिच्या खोलीचा जिना पडला. तिचं सामान म्हणजे कपडे कमी आणि दगड जास्त.

आता तुझ्या निरोपाबद्दल. 'तुझ्या सुनेला सांग, माझ्यावरचा राग माझ्या इमारतीवर काढू नकोस.' मी हा निरोप तिला दिलेला नाही आणि देणारही नाही. काम थांबवा असं तिने दवाखान्याच्या समितीला लिहून दिलं हे खरं आहे. ते का लिहिलं ते मी तुला सांगते, कारण मी तिच्याशी त्यावरून कडाकडा भांडून घेतलंय.

मागच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर रानात गेले. ती नको म्हणत होती, मी म्हणाले, हात मोडलाय, पाय शाबूत आहेत. डोंगराच्या पायथ्याने तो जुना फॉल्ट, म्हणजे जमिनीच्या पोटातली भेग, जातो, नकाशावर पूर्वीपासून आहे. (वायरमन तिला रोज विचारतो, "वहिनी, फॉल्ट सापडला का? आमच्यात तर खांबावर चढलं की सापडतो.") सगळ्यांना वाटायचं, जमीन फाटली तर तिथेच फाटेल. फाटलीही तिथेच. पण अर्ध्या वाटेत तिने ती रेघ सोडली, फळबागेत शिरली आणि जिथे नकाशात काहीही नाही तिथून पुढे चालत गेली. बागेतली झाडांची ओळ बघितली मी. अर्धी ओळ इकडे, अर्धी तिकडे. डांबरी रस्त्याच्या मधला पांढरा पट्टा एका जागी तुटलाय आणि उरलेला भाग दीड हात बाजूला पडलाय, जसं कुणी सायकलवरून ब्रश घेऊन जाताना पडलं. सूनबाई टेप घेऊन प्रत्येक ठिकाणी मोजत होती आणि बारीक होत जाणारे आकडे मोठ्याने वाचत होती. जसजसं आपल्या गावाकडे यावं तसतसं सरकणं कमी होत जातं. गावाच्या वेशीपाशी तर संपल्यासारखंच वाटतं.

मी म्हणाले, "म्हणजे सुटलो."

ती म्हणाली, "आई, वरून संपल्यासारखं दिसतंय. खाली संपलंय की नाही ते बघायचंय."

तिने गावात ठिकठिकाणी यंत्रं ठेवलीत, मागून येणारे लहान धक्के टिपायला. एक आपल्या कोठीच्या खोलीत आहे, तांदळाच्या डब्याशेजारी. मी त्याची राखण करते. पहिल्या दिवशी तिने मला आलेख दाखवला आणि म्हणाली, "हे सगळे धक्के नाहीत, हे तुम्ही आहात." तेव्हापासून मी त्या बाजूला मांजरासारखी चालते. तर त्या यंत्रांनी टिपलेला प्रत्येक धक्का तिने एक एक ठिपका करून मांडला. ठिपके विस्कळीत पडले नाहीत, बाळ. त्यांच्या दोन रांगा झाल्या. एक डोंगराची, माहितीतली. दुसरी तिला फुटलेला फाटा. तो नदीच्या गाळाखालून येतो आणि गावात शिरतो. एवढी वर्षं नदीने गाळ आणून टाकला, म्हणून वरून सगळं सपाट दिसतं आणि खालचं कुणाला कळत नाही. हा भूकंप झाला नसता तर कधी कळलंही नसतं.

दुसरी रांग त्या वाकलेल्या कुंपणाखालून जाते.

तेव्हा मी भांडले. मी म्हणाले, अगं, त्या इमारतीसाठी मी किती वर्षं दारोदार हिंडलेय. व्हरांड्यात खाली गाद्या टाकून बाळंतिणी झोपवल्यात मी. आज पाया खणून तयार आहे आणि तू ठिपके दाखवतेस. तिने ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, "आई, मी चुकीची ठरले तर मला आनंदच होईल. म्हणूनच खणून बघू द्या म्हणतेय. ठिपक्यांवर मीही विश्वास ठेवणार नाही. डोळ्यांनी बघितल्यावर ठेवीन."

मी उठले. भांडी घासायला घेतली, एका हाताने. तिने दुसरा हात लावला.

आई


४ एप्रिल

बाळ,

काल दवाखान्याच्या मैदानात सभा झाली. तुझा साइट इंजिनिअर होताच, त्याने तुला त्याच्या पद्धतीने सांगितलं असेल. माझ्या पद्धतीने मी सांगते.

खाटांच्या मधल्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. अर्धं गाव आलेलं. तंबूत राहून राहून माणसं आधीच वैतागलीत, त्यात कुणीतरी उठवलं होतं की मॅडम दवाखाना रद्द करायला निघाल्यात. समितीचे अध्यक्ष तिला म्हणाले, "मॅडम, इमारतीचं स्वप्न बघून आमचे केस पिकले. आता तुमच्या एका रेघेसाठी थांबायचं?"

मागून कुणीतरी बोललं, "नवऱ्याची इमारत आहे ना, म्हणून."

हशा पिकला. सूनबाई हसू थांबेपर्यंत उभी राहिली. ती अशी उभी असली की मला आमच्या ऑपरेशन थिएटरमधले जुने सर्जन आठवतात. घाई नाही, थरथर नाही.

ती म्हणाली, "हो, माझ्या नवऱ्याची आहे. त्याचा आराखडा मी पाहिलाय आणि तो फार चांगला आहे. बाळंतिणींचा वॉर्ड त्याने पूर्वेला घेतलाय, सकाळचं ऊन मिळावं म्हणून. स्ट्रेचर कुठेही वळवावं लागू नये म्हणून व्हरांडे सरळ ठेवलेत. हादरे सोसायची ताकदही त्यात आहे. हादऱ्याचं मला भय नाही. पण इमारतीचा एक पाय इकडच्या जमिनीवर आणि एक तिकडच्या, आणि दोन्ही जमिनी दोन दिशांना निघाल्या, तर कितीही मजबूत खांब घ्या, तो काय करणार? तशी जागा आहे की नाही एवढंच मला बघायचंय. कुंपणाला आडवा एक चर खणू द्या. खाली काही नसलं तर मी स्वतः पहिली विटांची पाटी उचलीन."

पूर्वेचं ऊन मला माहीत नव्हतं, बाळ. मला तू कधी सांगितलं नाहीस. तिने नकाशा वाचून ओळखलं.

मग कुजबुज सुरू झाली, आणि अध्यक्ष 'बघू, विचार करू' या वाटेने निघाले. ती वाट मला पाठ आहे. त्या वाटेने गेलेलं काहीही परत येत नाही. म्हणून मी उठले. हात गळ्यात बांधलेला होता त्याचा उपयोगच झाला, लोक गप्प बसले.

मी म्हणाले, "ती इमारत माझ्या मुलाची आहे आणि चर माझ्या सुनेचा. इमारत उभी राहावी असं माझ्याहून जास्त कुणाला वाटत असेल तर त्याने हात वर करावा." कुणी केला नाही. "ऑपरेशनच्या आधी आपण एक्स-रे काढतो. तेव्हा एक्स-रे काढणाऱ्याचं घरी कसं चाललंय असं कुणी विचारत नाही. खणू द्या तिला."

मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टरनी सांगितलं की आम्ही ऐकतो, ही जुनी सवय आहे." आणि परवानगी मिळाली.

परतताना ती माझा चांगला हात धरून चालत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "आई, सापडलं तर त्याला फार लागेल."

मी म्हणाले, "तुला नाही लागणार?"

ती म्हणाली, "मला आत्ताच लागतंय."

हे मी तुला लिहितेय हे तिला ठाऊक नाही.

आई


१९ एप्रिल

बाळ,

सापडलं.

आधी जेसीबीने चर काढला, पुरुषभर उंचीहून खोल. नंतर मात्र सगळं हाताने. बाजूच्या भिंती ढासळू नयेत म्हणून फळ्या आणि टेकू लावले, आणि सूनबाई खाली उतरून लहान थापीने माती खरवडत बसली. ती आणि तिचे दोन सहकारी. भिंतीवर दोऱ्यांच्या चौकटी आखल्या, आणि मातीचा रंग बदलतो तिथे तिथे रंगीत खिळे टोचले. मी वर खुर्ची टाकून बसायचे. लोक बघायला यायचे, वाकायचे, 'मातीच तर आहे' म्हणून जायचे. पहिले काही दिवस मलाही मातीच दिसत होती.

मग एका दुपारी ती वर न बघताच म्हणाली, "आई, खाली येता येईल?"

मोडक्या हाताने शिडी उतरले. तू असतास तर ओरडला असतास. खाली ओल्या मातीचा वास आणि गारवा. तिने बोट ठेवून दाखवलं. नदीतल्या गोट्यांचा एक थर आहे, वाटोळे, करडे गोटे, ओळीने बसवल्यासारखे. तो थर भिंतीतून सरळ येतो आणि एका जागी संपतो. जणू कापला. मी इकडेतिकडे शोधला. तिने माझा हात धरून खाली नेला. उरलेला थर हातभर खाली होता. आणि त्या दोन तुकड्यांच्या मधून एक तिरपी बारीक रेघ वर येत होती, वरच्या मातीतून, गवताच्या मुळांपर्यंत, बरोबर वाकलेल्या कुंपणाखाली.

चाळीस वर्षं मी मोडलेली हाडं बघितली. मोड बघितला की कळतो. जुना मोड कुठला, ताजा कुठला, तेही कळतं. तिने सांगायच्या आधी मी म्हणाले, "हे एकदा मोडलेलं नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आले तेव्हाही तसं कुणी बघितलं नव्हतं. म्हणाली, "बरोबर. यंदा फक्त वीतभर सरकलंय. वरची माती थोडीच हललीय आणि खालचे गोटे खूप. म्हणजे पूर्वी मोठे भूकंप झालेत इथे, गाव वसायच्या कितीतरी आधी. गाळाने झाकून टाकले." गोट्यांच्या वर जळक्या लाकडाचे कण सापडले, ते तिने प्रयोगशाळेत पाठवलेत, म्हणजे साधारण केव्हा झाले ते कळेल.

मग ती तिथेच पालथ्या बादलीवर बसली आणि रडली. आनंदाने नाही. तुझे पायाचे खड्डे तिथून दिसत होते.

बाळ, तुझ्या इंजिनिअरने सांगितलं की तू म्हणतोस, ही नदीकाठची दरड खचल्याची खूण असेल, भूकंपाची नसेल. असेलही. मला त्यातलं कळत नाही. तुला कळतं. मग इथे ये आणि तिला तोंडावर विचार. तिच्यासाठी येऊ नकोस, माझ्यासाठीही नको. चर पुढच्या आठवड्यात बुजवणार आहेत. तुझ्या इमारतीखाली काय आहे ते तू दुसऱ्याच्या तोंडून ऐकावंस, असा मी तुला वाढवलेला नाही.

आई


२ मे

बाळ,

तू परत पोचल्याचा निरोप मिळाला. आता तू इथे असताना ज्या गोष्टी तुला बोलून दाखवता आल्या नाहीत त्या लिहिते. समोर असलास की माझ्या तोंडून 'अजून एक पोळी घे' याशिवाय काही निघत नाही.

तू थेट स्टेशनवरून चराशी आलास, बॅग खांद्याला, पायात ते गुळगुळीत शहरी बूट. ती खाली होती. तू वरून म्हणालास, "येऊ का?" ती म्हणाली, "उजव्या बाजूच्या खिळ्यांना पाय लावू नकोस." दोन वर्षांनी नवरा-बायको बोलले ते हे. मी मनात म्हटलं, चला, सुरुवात तर झाली.

पुढे तुम्ही बोललात ते मी सगळं ऐकलं. ऐकू येत नव्हतं असा बहाणा केला होता. तू म्हणालास, दरड खचली असेल. ती म्हणाली, "मलाही तेच वाटलं होतं, म्हणून नदीपासून लांब दुसरा छोटा चर घेतला. तिथेही हाच तिरपेपणा, हीच दिशा. दरड नदीकडे खचते. हे नदीला आडवं गेलंय." तू म्हणालास, कुंपण ट्रकच्या धक्क्याने वाकलं असेल. ती म्हणाली, "खांब वाकलेले नाहीत, सरळच आहेत. त्यांची जागा बदललीय." तू एकामागून एक विचारत गेलास, आणि खोचून विचारत गेलास, आणि तिने एकाही प्रश्नाचा राग मानला नाही. तिला उत्तर माहीत नव्हतं तिथे 'माहीत नाही' म्हणाली. मी सासू आहे म्हणून नाही सांगत, पण तुम्हा दोघांना असं बोलताना ऐकून मला वाटलं, गावात याहून शहाणी माणसं कुठल्याच खड्ड्यात नसतील.

मग तू पुढे झालास. तळहात त्या तुटलेल्या गोट्यांवर ठेवलास. मला तुझी फक्त पाठ दिसत होती. लहानपणी पतंग तुटला की तू असाच पाठ करून उभा राहायचास. न वळताच तू विचारलंस, "दोन्ही बाजूला किती जागा सोडावी लागेल?"

तेव्हा मला कळलं की तू ती इमारत सोडलीस.

सभेत तू बोललास तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. तू म्हणालास, "हा आराखडा मी केला, तो मीच मागे घेतोय. मला कुणी भाग पाडलेलं नाही. मी खाली उतरून बघितलंय. माझी आई उद्या ज्या वॉर्डात पेशंट म्हणून झोपेल तो वॉर्ड मी त्या रेघेवर बांधणार नाही." अध्यक्षांनी विचारलं, "मग एवढ्या कामाचं काय?" तू म्हणालास, "ते पुन्हा करू. रस्त्यापलीकडे जुनं विटांचं मैदान आहे. आधी मॅडम तिथे चर घेतील. त्यांनी हो म्हटलं तरच मी पेन्सिल उचलीन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दवाखाना पुढे ढकलला गेला याच्या टाळ्या कोण वाजवणार? पण मागच्या सभेत जो हसला होता, तो उठून पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि आधी सूनबाईला दिला.

तुला दिसलं नाही ते सांगते. तू बोलत होतास तेव्हा ती तुझ्या मागे बसली होती. 'मीच मागे घेतोय' म्हणालास तेव्हा तिने मान ताठ केली. शाळेत आपल्या माणसाचा नंबर पुकारल्यावर करतात ना, तशी. तुझा बाप जिवंत असता तर मी त्याच्याकडे बघून तशीच बसले असते.

तुम्हा दोघांचं पुढे काय, ते मी विचारणार नाही. विचारायचं म्हणून जीभ शिवशिवते, पण नाही. निघताना तू तिला म्हणालास, "हाताकडे लक्ष दे तिच्या." आणि ती म्हणाली, "देतेय." यात 'तिच्या' म्हणजे मी. तेवढंच मला पुरे आहे सध्या.

प्लास्टर परवा काढलं. हे उजव्या हाताने लिहिलंय, दिसत असेलच.

आई


६ नोव्हेंबर

बाळ,

विटांच्या मैदानात पहिल्या मजल्याचे खांब उभे राहिले. मी रोज जाऊन बघते. तुझा इंजिनिअर मला टाळायला लागलाय, कारण मी त्याला लिफ्टच्या दरवाजाची रुंदी विचारते. स्ट्रेचर आणि दोन माणसं एका वेळी मावली पाहिजेत, हे त्याला लेखी कळवलंय.

सूनबाईने तिथे एक सोडून तीन चर खणले होते. सगळे थर सलग, भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांचं लुगडं पसरावं तसे. शेवटच्या चरातून वर आली तेव्हा ती मातीने माखलेली होती आणि हसत होती. अध्यक्षांना म्हणाली, "बांधा." एवढा एकच शब्द. त्यांनी तो तीनदा वदवून घेतला.

आता तिला दोन गावांतून बोलावणं आलंय. त्यांच्याकडेही नदी आहे, गाळ आहे आणि शाळा बांधायची आहे. सरकारी नकाशाची नवी प्रत निघाली, त्यात आपल्या गावाखालून एक रेघ काढलीय आणि तिला कसलासा नंबर दिलाय. इथे त्या नंबराने तिला कुणी ओळखत नाही. भाजीवालीपासून तलाठ्यापर्यंत सगळे 'सूनबाईची रेघ' म्हणतात. जुन्या प्लॉटवर कुणी गुरं बांधायला गेलं तरी म्हणतात, अरे, सूनबाईच्या रेघेवर नको. ती ऐकून लाजते आणि मी ऐकून मुद्दाम पुन्हा विचारते, "काय म्हणालात?"

काल तू पाठवलेला पूर्ण आराखडा आला. मोठ्या डॉक्टरांनी तो काचेत बसवून तात्पुरत्या ओपीडीच्या दाराशी लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. वॉर्ड पुन्हा पूर्वेलाच आहे. जुना प्लॉट तू मोकळा ठेवलास, गवत, बाकं आणि बाहेरच्या बाजूने चालायची वाट. आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे नेहमी तुझी एकट्याची सही असते, तिथे तुझ्या सहीशेजारी 'भूगर्भ तपासणी' असं लिहून तू तिच्यासाठी जागा ठेवलीस. आज सकाळी तिने सही केली. पेन उसनं घेतलं, तिच्या खिशात फक्त खिळे होते. सही केल्यावर दोन पावलं मागे सरून आख्खा आराखडा बघत राहिली. मग तिने मला विचारलं की तू पुढच्या महिन्यात येणार आहेस हे खरं का. मी म्हणाले, मला काय माहीत, तूच विचार. तिने विचारलं असेल तर मला कळवू नकोस. नसेल विचारलं तर तू विचार.

मी तिथून हलले नाही. खुर्ची घेऊन त्या काचेखाली बसले. गुडघेदुखीचं निमित्त सांगितलं. एक नवीन नर्स आलीय, बाहेरगावची, तिला इथलं कुणी ठाऊक नाही. ती फाइल छातीशी धरून आराखडा वाचत थांबली. दोन्ही सह्या वाचून म्हणाली, "आडनाव एकच दिसतंय. कोण आहेत हो ही दोघं?"

मी म्हणाले, "माझी मुलं आहेत."

आई